काळ्या पट्टीखालची भेग

मी एक जुनी सीट आहे, मित्रांनो. लहान मुलांना मोटारीत पट्टे बांधून बसवतात ना, तसली. जुनी म्हणजे फार वयस्कर नाही. साडेचार वर्षं झाली मला. या वयाच्या माझ्यासारख्या कितीतरी जणी अजून कामावर आहेत. माझं काम मात्र संपलं. ते संपलं याबद्दल माझी तक्रार नाही. संपल्यावर माझ्याकडून जे करवून घेतलं, त्याबद्दल आहे. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात ओतून आधी माझं कवच केलं. त्याला आतून पांढऱ्या थर्माकोलचं जाड अस्तर लावलं, त्यावर स्पंज आणि त्यावर राखाडी कापडाची खोळ. मग पाच पट्टे ओवले. दोन खांद्यांवरून उतरणारे, दोन कमरेवरून येणारे आणि एक पायांच्या मधून वर येणारा. पाचही जण पोटापाशी एका लाल बटणाच्या कुलपात भेटायचे, आणि नीट भेटले की टक् असा आवाज व्हायचा. खांद्याच्या पट्ट्यांवर, मागे खोळीआड, एका बाईने नागमोडी टाके घातले होते. मी त्यांना नक्षी समजले. ती नक्षी नव्हती. मोठा धक्का बसला की ते टाके आपणहून उसवतात, पट्टा जरासा सैल सुटतो आणि मुलाच्या छातीला बसणारा हिसका कमी होतो. उसवण्यासाठीच घातलेले टाके होते ते.

आमच्या खेपेतली एक सीट तपासणीच्या खोलीत नेली होती. तिच्यात एक बाहुला बसवला, पट्टे आवळले, तिला रुळावरून जोरात सोडलं आणि एकाएकी थांबवलं. बाहुला शाबूत राहिला. सीटही वरून धडधाकट दिसत होती. तरी तिला आमच्यात परत आणून ठेवलं नाही. तपासनीस म्हणाला की हिने आपला धक्का खाल्ला, आता ही कुणाच्या लेकराखाली जायची नाही. तेव्हा मला कळलं की आमच्यासारख्यांच्या वाट्याला एकच धक्का येतो. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट जरा अभिमानच वाटला.

मला घ्यायला एक जोडपं आलं. बाईंना आठवा महिना लागला होता. त्या औषधांच्या दुकानात काम करायच्या, त्यामुळे कुठल्याही खोक्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. त्यांचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. घरी आल्यावर तिने माझ्याबरोबरची पुस्तिका पहिल्या पानापासून मोठ्याने वाचली आणि त्याने गुडघा माझ्या पोटात रोवून मला गाडीच्या मागच्या बाकावर आवळलं. मग दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. मी बोटभरसुद्धा हलले नाही.

"लिफ्टमध्ये आम्ही असंच बघतो," तो बायकोला म्हणाला. "चालतंय का ते नाही बघायचं. तुटलं तर काय होईल ते बघायचं."

हे वाक्य ऐकलं आणि मी त्या माणसावर जीव टाकला. माझी फसगत तिथूनच सुरू झाली म्हणा ना.

महिन्याभराने इस्पितळाच्या दारात माझ्यात एक मूठभर जीव आणून ठेवला. तिचं खरं नाव मोठं भारदस्त होतं, पण घरात सगळे तिला मुंगी म्हणायचे. पहिली दोन-अडीच वर्षं मुंगीचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे असायचं. इतक्या लहान मुलाची मान नाजूक असते. धक्का बसला तर तो सबंध पाठीवर झेलला जावा म्हणून असं उलटं बसवतात. पुढे ती मोठी झाली तेव्हा मला सुलटं फिरवलं. त्या दिवशी मुंगीला पहिल्यांदा कळलं की गाडीला पुढेही एक काच असते, आणि ती इतकी खूश झाली की वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक गाडीचा रंग ओरडून सांगू लागली. ती सवय तिला कायमची लागली. लाल गाडी, हिरवी बस, पांढरी गाडी, पुन्हा पांढरी गाडी. पुढून बाबा प्रत्येक वेळी "हो राणी" म्हणायचा.

ते लोक लांबलांबचे प्रवास करायचे. घरात नियम एकच होता. कुलूप टक् वाजल्याशिवाय गाडी हलणार नाही. मुंगीची आजी, म्हणजे आईची आई, एकदा बरोबर होती. इतक्या लांब पोरीला बांधून काय न्यायचं, मी मांडीवर घेते, असं ती कुरकुरली. आईने तिला दुखवलं नाही, पण ऐकलंही नाही. दर दोन तासांनी गाडी थांबवली, मुंगीला पाय मोकळे करू दिले आणि पुन्हा बांधलं. एकदा तर मुंगीने पाठीची कमान करून असा गोंधळ घातला की पट्टे लागेचनात. आईने गाडी रस्त्याच्या कडेला तशीच उभी ठेवली, वर्तमानपत्र उघडलं आणि चांगली अर्धा तास वाचत बसली. शब्दकोडंही सोडवून झालं. शेवटी मुंगीच कंटाळली आणि तिने आपणहून हात पट्ट्यांत घातले.

थंडीत आई तिचं जाड जाकीट आधी काढून ठेवायची आणि पट्टे लावल्यावर ते वरून पांघरायची, कारण जाड कपड्यावरून पट्टा आवळलेला दिसतो पण खरा सैलच असतो. आणि बाबा दर वेळी मुंगीच्या खांद्यापाशी पट्ट्याखाली बोटं घालून बघायचा. तिच्या हनुवटीला टिचकी मारायचा. माझ्या घड्यांमध्ये बिस्किटांचा चुरा साठला होता, दोन खडू होते आणि एक एकुलता एक मोजा होता, जो ते लोक वर्षभर घरात शोधत होते. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. नातेवाइकांत माझं कौतुक व्हायचं. घ्यावी तर अशी सीट घ्यावी, म्हणायचे.

मग एका उन्हाळ्यात आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि मुंगीची आई दहा दिवसांसाठी माहेरी गेली. घरी बाबा आणि मुंगी. मुंगी तेव्हा सव्वाचार वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो तिला पोहण्याच्या तलावावरून घरी आणत होता. तिचे केस ओले होते. बाबाने तिला बांधलं, बोटं घालून बघितलं, टिचकी मारली. सगळं रोजच्यासारखं होतं. फक्त कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली होती आणि त्याचा फोन सारखा किणकिणत होता. त्याने तो मांडीवर घेतला.

"बाबा, पिवळा ट्रक," मुंगी म्हणाली.

"हो राणी," बाबा म्हणाला, आणि मान वर केली नाही.

ट्रक उभा होता.

तो क्षण मी सांगू शकते, कारण मी त्याच्यासाठीच जन्मले होते. मुंगीचं सगळं वजन एकदम माझ्या पट्ट्यांवर आलं. मागचे नागमोडी टाके तटातट उसवले. अस्तराचा थर्माकोल पिचला. माझ्या पाठीत, उजव्या बाजूला, खालून वर एक भेग गेली. केसाएवढी बारीक आणि पांढरी. आणि मुंगी जागच्या जागी राहिली. क्षणभर तिचा श्वास अडकला, मग तिने मोठ्याने भोकाड पसरलं. इतका गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

डॉक्टरांनी तिला तपासलं. खांद्यावर पट्ट्याचा निळा वळ होता, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी बाबा मुंगीला घेऊन गॅरेजमध्ये गाडीतलं सामान घ्यायला आला. गाडीचं नाक चेपलेलं होतं. मागचं दार उघडून तो माझ्यापाशी वाकला, माझ्या राखाडी खोळीवर कपाळ टेकलं आणि रडला. "वाचवलंस गं," तो म्हणाला. मला वाटलं, झालं, आपल्या जन्माचं सार्थक झालं. आता हा मला निरोप देईल.

गॅरेजवाला म्हातारा होता आणि त्याने असल्या कितीतरी गाड्या बघितल्या होत्या. बाबाने विचारण्याआधीच त्याने मुंगीच्या देखत सांगितलं की ही सीट आता टाकायची. पट्टे कापून टाकायची, म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरणार नाही. बाबा म्हणाला, हो, माहीत आहे मला. त्याला माहीत होतंच. ताणला गेलेला दोर तो लिफ्टमध्ये एक दिवसही ठेवत नसे.

पण मला कापलं तर बायको विचारणार होती की सीट कुठे गेली. आणि सीट कुठे गेली हे सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागणार होतं. तो मांडीवरचा फोन, ती न उचललेली मान. त्याने तिला काय सांगितलं ते मी ऐकलं, कारण तो गॅरेजमध्ये माझ्याजवळ उभा राहूनच फोनवर बोलला. गाडी उभी होती, कुणीतरी ठोकून पळून गेलं, आम्ही दोघं आत नव्हतो. किती सहज बोलला तो. तिने पलीकडून पहिला प्रश्न विचारला तो मुंगीचा, आणि मग म्हणाली असावी की तुम्ही आत नव्हता हे किती बरं झालं, कारण तो म्हणाला, "हो ना."

खांद्यावरचा वळ पिवळा पडत आला होता तोवर आई परत आली. तो वळ घसरगुंडीचा ठरला. त्याआधी बाबाने मुंगीला समोर बसवून समजावलं होतं. ट्रकची गोष्ट म्हणजे आपलं दोघांचं गुपित. आईला कळलं तर आई घाबरेल, रडेल. तुला आई रडलेली आवडेल का? मुंगीने मान हलवली. मी शेजारीच होते, धूळ बसू नये म्हणून पिशवीत अर्धी गुंडाळलेली. ज्या पोरीला मी माझ्या पाठीवर झेललं, तिच्या पाठीवर त्याने हे ओझं ठेवलं. माझ्या भेगेपेक्षा मला ते जास्त लागलं, मित्रांनो.

मुंगी आता मोठी झाली असं म्हणून तिच्यासाठी पुढच्या मापाची नवी सीट आली आणि मी माळ्यावर गेले. जुन्या पंख्याच्या आणि चटयांच्या मध्ये. आईला वाटलं, जपून ठेवली आहे. तीन महिने मी तिथे होते. माळ्यावर धूळ बसते याचं मला काही वाटलं नाही. खाली जेवताना ते तिघं हसायचे तेव्हा मात्र वाटायचं की या घरात खरं काय ते मला, त्याला आणि एका चार वर्षांच्या मुलीला माहीत आहे, आणि तिघांचीही तोंडं बंद आहेत.

मग एका दुपारी मुंगीची आत्या आली, म्हणजे बाबाची धाकटी बहीण. तिचं कपडे शिवायचं दुकान होतं, नवरा बोटीवर नोकरीला होता आणि कडेवर आठ महिन्यांचा मुलगा होता. त्याला सगळे टिल्लू म्हणायचे. गावी आजोबा आजारातून उठले होते आणि त्यांना टिल्लूला बघायचं होतं. सात तासांचा रस्ता. दादाच्या गाडीतून सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं. आत्याकडे गाडी नव्हती, त्यामुळे सीटही नव्हती. तिने विचारलं, मुंगीची जुनी सीट अजून आहे का?

"आहे की माळ्यावर," मुंगीची आई म्हणाली. "अगदी नव्यासारखी आहे. धक्कासुद्धा लागलेला नाही तिला."

बाबा तिथेच उभा होता. मला वरून त्याच्या डोक्यावरचा भोवरा दिसत होता. मी वाट बघितली. एक वाक्य पुरलं असतं. फार तर घरात रडारड झाली असती, चार दिवस अबोला झाला असता. तो म्हणाला, नवीनच घेऊ या का टिल्लूला, मी देतो. आत्या हसली आणि म्हणाली की एवढ्याशा प्रवासासाठी कशाला, दादा, घरात एवढी चांगली सीट असताना. त्यावर तो "बरं" म्हणाला. बस, एवढंच.

रविवारी घरात कुणी नसताना त्याने मला खाली काढलं. खोळ उतरवली. माझ्या पाठीतली भेग त्याने त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. अंगठ्याने दाबली तेव्हा ती जराशी उघडली आणि मिटली. मला वाटलं, आता हा कात्री आणेल. त्याने कामाची पिशवी आणली आणि तारांना गुंडाळतात ती काळी चिकटपट्टी माझ्या भेगेवर लावली. एक आतून, एक बाहेरून. पिचलेल्या थर्माकोलवरही लावली. उसवलेल्या टाक्यांचे दोरे नखं कापायच्या कात्रीने साफ केले. खोळ धुतली, वाळवली, ताणून चढवली. मग कुलूप लावून बघितलं.

टक्.

माझं कुलूप अजून पहिल्यासारखंच वाजत होतं. तेच फार वाईट होतं. ज्या आवाजावर आईबाप डोळे मिटून विश्वास ठेवतात, तोच आवाज आता खोटं बोलत होता आणि तो माझ्याच पोटातून येत होता. "हळू जाऊ," बाबा स्वतःशीच पुटपुटला. "एकदाच तर न्यायचंय." माणसाला आपलीच समजूत इतक्या स्वस्तात पटते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

निघायचा दिवस उजाडला. स्वच्छ सकाळ होती. फाटकाशी गाडी उभी होती, डिकीत पिशव्या भरून झाल्या होत्या. मला गाडीच्या पाठीकडे तोंड करून बसवलं होतं. आत्याने टिल्लूला माझ्यात ठेवलं, पट्टे ओढले, कुलूप लावलं. टिल्लूने माझा लाल बटणाचा भाग तोंडात घालायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे बघून हसला. त्याचं सगळं अंग त्या काळ्या पट्टीवर टेकलेलं होतं. मला ओरडायचं होतं, मित्रांनो. पण आमच्यासारख्यांना एकच शब्द येतो, आणि तो मी नुकताच बोलून बसले होते.

तेवढ्यात मुंगी पाण्याची बाटली गळ्यात अडकवून घरातून आली. तिने उघड्या दारातून आत बघितलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

"टिल्लूला काढा," ती म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, जुन्या सीटवर हक्क सांगते आहे. आईने समजावलं की तू आता मोठी झालीस, तुझी नवी सीट बघ किती छान आहे. मुंगी हलेना. टिल्लूला काढा, एवढंच परत परत म्हणू लागली. आईचा आवाज चढला. आत्या कौतुकाने म्हणाली की दोन मिनिटं बसू दे तिला हवं तर. बाबा डिकीपाशी होता. तो पुढे आला, मुंगीचा दंड धरला आणि हळूच म्हणाला, "चल, बस पटकन. उशीर होतोय."

मुंगीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"बाबा, सांगू?"

बाबाची बोटं तिच्या दंडावरून सुटली. मुंगीने थोडी वाट बघितली.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "मी कुणालाच नाही सांगितलं. पण टिल्लूला काढा ना."

आईने नवऱ्याकडे बघितलं. आत्या मात्र कुणाकडेच न बघता गाडीत वाकली. लाल बटण दाबून तिने टिल्लूला उचललं आणि वहिनीकडे दिलं. मग तिने माझे खांद्याचे पट्टे हातात घेतले आणि ओढत ओढत मागे गेली. जन्मभर टाके घालणाऱ्या बाईची बोटं ती. उसवलेली जागा तिला डोळ्यांआधी बोटांनीच सापडली. पट्ट्यावर सुईच्या भोकांची नागमोडी रांग होती आणि एकाही भोकात दोरा नव्हता. तिने खोळीची बटणं भराभर सोडली आणि खोळ खाली ओढली.

काळी पट्टी उन्हात चकाकली. त्या घरातल्या प्रत्येक दिव्याच्या वायरीला, प्लगला, तुटक्या छत्रीच्या दांड्याला तीच पट्टी होती. कुणी लावली असं विचारायची गरजच नव्हती. आत्याने नखाने तिचं टोक उचललं आणि सोलून काढली. खाली माझी भेग होती.

मग बाबाने सगळं सांगितलं. तिथेच, डिकी उघडी असताना. ट्रक, फोन, गॅरेजवाला, घसरगुंडी. काही लपवलं नाही, पण ते लपवायचं आता उरलंही नव्हतं. मी हळूच चालवणार होतो, असं तो दोनदा म्हणाला. आई टिल्लूला घेऊन पायरीवर बसली होती. ती ओरडली नाही.

"हिला मी सांगितलं," ती म्हणाली. "माझ्या तोंडाने. धक्कासुद्धा लागलेला नाही म्हणून. आणि तू तिथे उभा होतास."

आत्या अजून माझ्याशेजारीच वाकलेली होती. तिने न वळताच विचारलं, "दादा, एखाद्या लिफ्टला तू असं केलं असतंस?"

"नाही," तो म्हणाला.

"मग टिल्लूला का?"

मी त्या प्रश्नाचा फार विचार केला आहे. मला वाटतं, लिफ्टमध्ये परकी माणसं असतात आणि त्यांना जाब द्यावा लागतो. आपल्या माणसांनी आपल्यावर आधीच विश्वास ठेवलेला असतो, म्हणून त्यांना फसवणं सोपं जातं.

आईने टिल्लूला आत्याकडे दिलं आणि मुंगीला जवळ घेतलं. तिला म्हणाली की जे गुपित पोटात टोचतं ते ठेवायचं नसतं, कुणीही सांगितलं तरी. बाबाने सांगितलं तरी. आत्याने पिशवीतून आपली मोठी कात्री काढून भावाच्या हातात दिली. पट्टे जाड होते, सहज कापले गेले नाहीत. पाचही त्याने एकेक करून कापले, आणि कापताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. आईने औषधांच्या खोक्यांवर लिहायच्या जाड पेनाने माझ्या पाठीवर लिहिलं: अपघात झालेली. वापरू नका.

त्या दिवशी कुणीच कुठे गेलं नाही. आजोबांना फोन करून सांगितलं की दोन दिवसांनी येतो. आई आणि आत्या दोघी मिळून दुकानात गेल्या आणि टिल्लूसाठी नवी सीट घेऊन आल्या. मी फाटकाबाहेर भंगारवाल्याची वाट बघत भिंतीला टेकून होते, त्यामुळे आज सकाळी ते निघाले तेव्हा मला सगळं दिसलं.

आई चालवायला बसली होती. टिल्लू आपल्या नव्या सीटमध्ये झोपलासुद्धा होता. बाबाने मुंगीची सीट हलवून बघितली, घट्ट होती. त्याने तिला उचलायला हात पुढे केले. मुंगी मागे सरली.

"हिला धक्का बसलाय?" तिने विचारलं.

"नाही गं, राणी," बाबा म्हणाला. ते खरं होतं.

मुंगीने त्याचं उत्तर ऐकून घेतलं. मग मान वळवून तिने आईकडे बघितलं. आईने आरशातून मान डोलावली, तेव्हा ती आपली आपण चढून बसली. बाबा दार धरून तसाच उभा राहिला. मग त्याने दार लावलं.

मित्रांनो, लांबच्या प्रवासाला निघाल तेव्हा पट्टे लावू द्या, कंटाळा आला तरी. तुमची सीट आधी दुसऱ्या कुणाची असेल तर विचारा की हिने कधी धक्का खाल्ला आहे का. प्रश्न साधा आहे, लहान मुलानेही विचारावा असा. आणि मोठ्यांना माझं एवढंच सांगणं की आम्ही एकदा तुमचं लेकरू वाचवलं असेल तर आम्हाला कापा, मोडा, भंगारात द्या. त्यात आमचा काहीच अपमान नाही. धुऊनपुसून पुन्हा एखाद्या बाळाच्या पाठीशी ठेवू नका. आम्हाला तिथे ठेवलं तर आम्ही टक् म्हणूच. आम्हाला दुसरं काही म्हणता येत नाही.